वेदनेतून नवारंभ : ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई टिळक आणि पंडिता रमाबाई यांच्या जीवनातील ख्रिस्तश्रद्धेचा अर्थ

सारांश

दुःखद भूतकाळ असलेल्या व्यक्तीला श्रद्धेच्या आधारे जीवनाची नवी सुरुवात करता येते, असे ख्रिस्ती धर्मविचार मानतो. या विचाराचे प्रत्यक्ष जीवनातील रूप कसे असते, त्याची किंमत कोण मोजतो आणि भूतकाळाचे पुढे काय होते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील तीन मराठी व्यक्तींची जीवने आधारास घेतली आहेत. त्यांपैकी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे बालपण कल्याण येथे गेले. नवारंभ म्हणजे भूतकाळाचे विस्मरण नसून त्याचे नव्या दृष्टीने केलेले वाचन होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : नवारंभ, मनपरिवर्तन, ख्रिस्तश्रद्धा, आत्मचरित्र, कल्याण, मुक्ती मिशन.

प्रास्ताविक

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली हा परिसर नव्याने सुरुवात करणाऱ्यांचा परिसर आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. तेव्हापासून गाव सोडून आलेली, शेती गमावलेली, घर तुटलेली असंख्य माणसे या मार्गावर उतरली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आश्रय मिळाला आणि त्या छावणीचे पुढे उल्हासनगर झाले. सर्वस्व गमावून पुन्हा उभे राहणे म्हणजे काय, हे या भूमीला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

ख्रिस्ती धर्माशीही या परिसराचा संबंध जुना आहे. १३२१ मध्ये ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना मृत्यू आला, याची नोंद मध्ययुगीन प्रवासवृत्तांतात आढळते. पोर्तुगीज काळात ठाण्यात चर्च उभी राहिली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकल्यानंतरही येथील ख्रिस्ती वस्ती टिकून राहिली. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय हा सामुदायिक इतिहास नाही. एखाद्या व्यक्तीने आपल्या दुःखाशी झगडत, स्वतः विचार करून ख्रिस्तश्रद्धा स्वीकारणे आणि तीतून आयुष्याची पुनर्मांडणी करणे, हा तो विषय आहे. या प्रकारची ठळक उदाहरणे एकोणिसाव्या शतकातील मराठी सुशिक्षित वर्गात दिसतात.

या उदाहरणांकडे पाहण्याच्या आपल्या दोन सवयी आहेत. एका सवयीनुसार धर्मांतर ही केवळ फसगत किंवा स्वकीयांचा त्याग ठरते. दुसऱ्या सवयीनुसार ती एका क्षणात घडलेली चमत्कारकथा ठरते. दोन्हींमध्ये प्रत्यक्ष माणूस हरवतो. वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवताना या दोन्ही प्रतिक्रिया विद्यार्थ्यांकडून ऐकावयास मिळतात. त्याच वर्गात घरातील व्यसन, हिंसा, अकाली मृत्यू यांचे ओझे घेऊन बसलेले विद्यार्थीही असतात. त्यांच्या दृष्टीने प्रश्न वाङ्मयेतिहासाचा नसतो. जे घडले ते घडलेच नाही असे करता येत नसेल, तर पुढे जगायचे कसे, हा त्यांचा प्रश्न असतो. म्हणून या चरित्रांचे अधिक काळजीपूर्वक वाचन होणे आवश्यक वाटते.

संकल्पनेचे स्वरूप

ख्रिस्ती धर्मविचारात नवारंभ व्यक्त करणाऱ्या काही संज्ञा आहेत. मूळ ग्रीक भाषेतील 'मेटानोइया' या शब्दाचे मराठीत बहुधा 'पश्चात्ताप' असे भाषांतर होते. परंतु त्या शब्दाचा गाभा मन पालटणे, दृष्टी बदलणे असा आहे. केवळ झाल्या गोष्टीबद्दल हळहळणे एवढाच त्याचा आशय नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम या वृद्ध विद्वानाशी बोलताना येशू नव्या जन्माची कल्पना मांडतो. संत पौल ख्रिस्ताच्या ठायी असलेल्या मनुष्याला नवी उत्पत्ती मानतो.

या संज्ञांवरून असा समज होऊ शकतो की, जुने सर्व पुसले जाते. परंतु बायबलमधील कथा वेगळेच सांगतात. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाला त्याचे भाऊच विकतात. पुढे तो मिसर देशात अधिकारपदी पोहोचतो आणि दुष्काळात तेच भाऊ त्याच्यापुढे येतात. तेव्हा तो झालेला अन्याय नाकारत नाही. त्या अन्यायाचा शेवट मात्र सूडात होऊ देत नाही. पुनरुत्थानानंतरचा येशू शिष्यांना भेटतो तेव्हा त्याच्या हातांवरील खिळ्यांचे व्रण तसेच असतात, आणि त्या व्रणांवरूनच थोमाला त्याची ओळख पटते. व्रण राहतात, पण ते आता मृत्यूची खूण उरत नाहीत. ख्रिस्ती अर्थाने नवारंभ समजून घेताना हा भेद महत्त्वाचा आहे.

याच संदर्भात योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा लक्षात घ्यावी लागते. भर दुपारी ती एकटीच विहिरीवर येते. तिचे पाच विवाह झालेले असतात. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार टाळत असताना येशू तिच्याकडे पिण्यासाठी पाणी मागतो. तो तिचा भूतकाळ जाणतो, पण त्यावरून तिला दूर लोटत नाही. ती घागर तेथेच ठेवून गावात जाते आणि आपल्याला ओळखणाऱ्या माणसाविषयी सर्वांना सांगते. विहीर, पाणी आणि विटाळ यांचा अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. ही कथा पुढे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात निर्णायक ठरली.

कल्याण : दोन बालपणे

१८६५ ते १८७५ या दशकात कल्याण गावात दोन मुले वाढत होती. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना जोशी ही पुढे डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून प्रसिद्ध झाली. दुसरा मुलगा नारायण वामन टिळक. त्याचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १८६९ ते १८७३ या काळात त्याचे प्राथमिक शिक्षण कल्याणच्या शाळेत झाले आणि तेथील भटजीवाड्यात संस्कृत व मराठी काव्याचा त्याचा परिचय झाला. पुढे 'फुलांमुलांचे कवी' म्हणून ओळखल्या गेलेल्या या कवीची वाङ्मयीन जडणघडण कल्याणमध्ये सुरू झाली, ही गोष्ट या परिसरातील वाचकांनाही फारशी ज्ञात नसते.

टिळकांचे बालपण सुखाचे नव्हते. आई भाविक व हळव्या मनाची होती, तर वडील शीघ्रकोपी व कठोर होते. आईचे निधन त्यांच्या लहानपणीच झाले. त्या आघातानंतर त्यांनी घर सोडले व नाशिकची वाट धरली. तेथे वेदशास्त्रसंपन्न गुरूंजवळ त्यांचे संस्कृत शिक्षण झाले. पुढील आयुष्यात दिसणारी त्यांची अस्वस्थता, एका गावी व एका नोकरीत न टिकणे, न सांगता घरातून निघून जाणे, या सर्वांचे मूळ या तुटलेल्या बालपणात शोधता येते. प्रेमळ पित्याच्या रूपातील देव त्यांना का मोहवून गेला असावा, याचाही काही उलगडा येथे होतो. अर्थात कोणाच्याही श्रद्धेचे संपूर्ण स्पष्टीकरण त्याच्या बालपणाने देता येत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

आनंदीबाईंनी वेगळे उत्तर शोधले. चौदाव्या वर्षी झालेले बाळ दहा दिवसांत दगावल्याचे दुःख त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या निर्धारामागे होते. १८८३ मध्ये सेरामपूर येथील भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणूनच अमेरिकेस जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे जाहीर केले आणि तो शब्द पाळला. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांना पदवी मिळाली, तेव्हा त्यांच्या नात्यातील पंडिता रमाबाई समारंभास उपस्थित होत्या. रमाबाईंनी त्यापूर्वीच बाप्तिस्मा घेतला होता. एकाच नात्यातील, एकाच प्रकारच्या दुःखातून गेलेल्या दोन स्त्रियांची उत्तरे भिन्न होती. ख्रिस्तश्रद्धा हा नवारंभाचा एकमेव मार्ग आहे असे समाजशास्त्रीय विधान करता येणार नाही. पण तो काही व्यक्तींसाठी खरा मार्ग ठरला, हेही नाकारता येणार नाही.

कल्याण जंक्शनवरून लोहमार्गाचे दोन फाटे निघतात. एक कसाऱ्याच्या घाटातून नाशिककडे जातो, दुसरा कर्जतच्या घाटातून पुण्याकडे. पहिल्या मार्गाने गेल्यास आपण लक्ष्मीबाई टिळकांच्या माहेरी पोहोचतो. दुसऱ्या मार्गाने पुण्यापलीकडे गेल्यास केडगाव लागते, जेथे रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारले. यापुढील विवेचन या दोन दिशांनी केले आहे.

नाशिकची दिशा : टिळक दांपत्य

टिळकांच्या धर्मांतराची कथाही रेल्वेच्या डब्यातच सुरू होते. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाताना एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. त्या प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. आपण ती वाचू, असे आश्वासन टिळकांनी दिले व ते पाळले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. आपल्या मनातील अनेक प्रश्नांची उत्तरे त्यांना तेथे मिळाली. पुढे दोन वर्षे वाचन, चिंतन आणि पत्रव्यवहार यांत गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हा टिळकांचा नवारंभ होता. परंतु त्याच दिवशी त्यांच्या पत्नीच्या जीवनात एका नव्या वेदनेचा आरंभ झाला. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथे झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. १८५७ च्या उठावानंतर कुटुंबातील एका निकटच्या व्यक्तीला फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनाने सोवळ्याचा पराकोटीचा ध्यास घेतला. त्या घरातील मुलांचे बालपण पाणी, विटाळ आणि धाक यांत गेले. अकराव्या वर्षी लग्न, कडक सासरे, लहरी पती, मुलांचे मृत्यू आणि त्यानंतर पतीचे धर्मांतर, असा हा क्रम आहे. पतीच्या धर्मांतराने लक्ष्मीबाई हयात पती असूनही पतीवाचून राहू लागल्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांना नातलगांच्या आश्रयाने काही वर्षे काढावी लागली.

येथे एक कायदेशीर बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. १८६६ च्या कायद्यानुसार, धर्मांतरित व्यक्तीचा जोडीदार सहजीवनास नकार देत असेल तर विवाहविच्छेद मागता येत असे. टिळकांनी हा मार्ग धरला नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगर भागात त्यांच्याकडे राहण्यास आल्या, त्याही आपले अन्नपाणी वेगळे ठेवण्याच्या अटीवर. एका कुटुंबात दोन धर्म आणि पाण्याची दोन भांडी, असा तो संसार होता. टिळकांनी ती अट मान्य केली. श्रद्धेत सक्ती नसावी, हे तत्त्व त्यांनी आपल्या घरातच पाळले, असे म्हणता येईल.

लक्ष्मीबाईंचे मनपरिवर्तन वादविवादाने घडले नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. पशुपक्ष्यांतील भेद दिसतात, तसा माणसामाणसांत भेद दिसत नाही, तेव्हा तो माणसानेच केलेला असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या बुद्धीने काढला. हा विचार पटताच त्यांनी इतरांच्या हातचे अन्नपाणी घेण्यास सुरुवात केली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, जातीचे बंधन प्रथम सुटले आणि बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये झाला. ज्या पाण्याच्या विटाळाने त्यांच्या वडिलांचे जीवन ग्रासले, त्याच पाण्यापाशी मुलीची सुटका झाली. भूतकाळातील व्रणाच्याच जागी नवारंभ घडतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

पुढील काळात टिळक दांपत्याने दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांना आपल्या घरात ठेवून घेतले. टिळकांनी ओवी, अभंग व कीर्तन या परंपरागत रूपांतून ख्रिस्तभक्ती व्यक्त केली. तुकारामांकडे ते ख्रिस्तापर्यंत नेणाऱ्या पुलासारखे पाहत. म्हणजेच भटजीवाड्यात मिळालेले काव्यधन त्यांनी टाकून दिले नाही. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपूर्ण राहिले होते. शाळेचे फारसे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यातील उरलेले बहुतेक अध्याय रचले.

१९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'चे वेगळेपण याच संदर्भात समजून घ्यावे लागते. या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी वडिलांचा छळवाद, सासऱ्यांचा कठोरपणा, पतीचा बेभरवशीपणा यांपैकी काहीही लपविलेले नाही. तरीही पुस्तक कडवट झालेले नाही. किंबहुना मराठीतील अत्यंत विनोदी आत्मकथनांत त्याची गणना करावी लागेल. हा विनोद वेदना झाकण्यासाठी नाही. जे घडले त्याच्यापासून आता भय उरलेले नाही, याची ती खूण आहे. क्षमा केलेल्या माणसालाच आपल्या दुःखाकडे असे पाहता येते.

पुण्याची दिशा : पंडिता रमाबाई

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविण्याचे धाडस केले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थयात्रा करीत फिरत असे. १८७० च्या दशकातील दुष्काळात उपासमारीने प्रथम वडील, नंतर आई आणि थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. रमाबाई व बंधू श्रीनिवास पायी देशभर भटकले. १८७८ मध्ये कलकत्त्यातील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या उपाध्या देऊन गौरविले. परंतु १८८० मध्ये बंधू गेले. त्याच वर्षी बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने त्यांचेही निधन झाले. वयाच्या तेविसाव्या वर्षी, दहा महिन्यांच्या मनोरमेस घेऊन, त्या विधवा झाल्या होत्या.

१८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयास असताना त्यांच्यासोबत आलेल्या मैत्रिणीचा दुःखद मृत्यू झाला. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकाचा मार्गही बंद झाला. याच काळात त्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांच्या आश्रमात नेले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने वागविले जाते व त्या पुन्हा सन्मानाने उभ्या राहतात, हे पाहून रमाबाई चकित झाल्या. या वागण्यामागची प्रेरणा कोणती, असे त्यांनी विचारले असता एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. स्त्रीजातीला उद्धाराचा समान अधिकार देणारा आधार आपल्याला येथे सापडला, असे रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत सांगितले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

परंतु बाप्तिस्म्याने त्यांचा शोध संपला नाही. चर्चच्या अधिकाराला त्यांनी आंधळेपणाने मान दिला नाही. त्रैक्याच्या सिद्धान्ताबाबत त्यांनी सिस्टर जेराल्डाईन यांच्याशी दीर्घ वाद घातला. शाकाहारही सोडला नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता, असा निर्वाळा त्यांनी स्वतःच आपल्या त्या वर्षांविषयी दिला आहे. अंतःकरणाला शांती देणारा अनुभव त्यांना १८९१ च्या सुमारास, म्हणजे आठ वर्षांनंतर आला. नवारंभ हा एका दिवसाचा प्रसंग नसून दीर्घ प्रक्रिया असते, हे यावरून दिसून येते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवा व निराश्रित स्त्रियांसाठी 'शारदा सदन' सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. धर्माबाबत तटस्थ राहण्याचे संस्थेचे धोरण होते. मात्र काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, यावरून वादळ उठले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच वर्षी शारदा सदनच्या विद्यार्थिनी, बालविधवा गोदूबाई यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. त्या ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. रमाबाईंच्या संस्थेत नव्या जीवनाची वाट बाप्तिस्म्यावाचूनही मोकळी होती, याचा हा पुरावा होय. मात्र टीकाकारांची शंका अगदीच निराधार होती असेही म्हणता येत नाही. आश्रयदात्याची श्रद्धा आणि आश्रिताचे स्वातंत्र्य यांतील ताण त्या काळी खरा होता व आजही खरा आहे.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्या बातम्यांनी रमाबाईंच्या मनात स्वतःच्या कुटुंबाची उपासमार जागी झाली. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. केडगाव येथील शेतजमिनीवर त्यांच्यासाठी निवारा उभारला गेला. तेच मुक्ती मिशन होय. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छपाई अशी कामे स्त्रिया शिकल्या. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' उघडण्यात आले, ज्याचे बीज फुलहॅममध्ये होते. अंधांसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. बालपणी मिळालेली भाषाविद्या अशा रीतीने कामी आली. मुक्तीच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांनी हा ग्रंथ छापला. १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. नवारंभानंतर दुःख येतच नाही, असे नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

विवेचन

वरील तीन चरित्रांवरून काही सूत्रे हाती येतात. पहिले असे की, तिघांच्याही जीवनात भूतकाळ नष्ट झाला नाही, तो कामास लागला. उपाशी मुलीच्या आठवणीतून दुष्काळग्रस्तांचे आश्रयस्थान उभे राहिले. आईवेगळ्या मुलाने पुढे अनाथांना घर दिले. विटाळाच्या धाकात वाढलेल्या मुलीने माणसामाणसांतील विटाळ नाकारला.

दुसरे सूत्र कालावधीचे आहे. टिळकांना दोन वर्षे, लक्ष्मीबाईंना पाच, रमाबाईंना आठ वर्षे लागली. दुःखी माणसाला तत्काळ बदलाचे आश्वासन देणारा कोणताही उपदेश, मग तो कोणत्याही धर्माचा असो, या अनुभवाशी विसंगत ठरतो. श्रद्धेचा आधार घेणाऱ्या व्यक्तीला वैद्यकीय वा समुपदेशकाचे साहाय्य वर्ज्य असण्याचे कारण नाही. मुक्तीमध्ये प्रार्थनेच्या जोडीला अन्न, औषध, अक्षरओळख आणि हाताला काम हे सर्व होते.

तिसरे सूत्र किमतीचे आहे. टिळकांच्या नवारंभाची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. हे सत्य श्रद्धेच्या गौरवात झाकले जाऊ नये. सुदैवाने मराठी साहित्यात ते झाकले गेलेले नाही, कारण ती किंमत मोजणाऱ्या स्त्रीनेच ते लिहून ठेवले आहे. ज्या नवारंभात जवळच्या माणसाला थांबण्याचे, नकार देण्याचे स्वातंत्र्य असते, तोच शेवटी दोघांचा होऊ शकतो. भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने दिलेले विवेकस्वातंत्र्य हे धर्म बदलणाऱ्याचे आहे, तसेच न बदलणाऱ्याचेही आहे.

निष्कर्ष

१. ख्रिस्ती विचारातील नवारंभ म्हणजे भूतकाळाचे विस्मरण नसून त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी पालटणे होय.

२. अभ्यासलेल्या तिन्ही चरित्रांत नवारंभाची कसोटी शब्दांत नव्हे, तर इतर पीडितांसाठी केलेल्या कार्यात दिसते.

३. हे परिवर्तन मराठी भाषा, काव्यपरंपरा व ज्ञानपरंपरा यांच्याशी नाते न तोडता घडले.

४. स्वेच्छा, अवधी व कुटुंबीयांचे स्वातंत्र्य यांवाचून असा नवारंभ निकोप राहत नाही.

कल्याणच्या फलाटावरून रोज लाखो माणसे ये-जा करतात. त्यांतील कोणाच्या मनात कोणता व्रण आहे, हे शेजारी उभ्या असलेल्या प्रवाशाला कळत नाही. या शहरात शिकविणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी ही तीन चरित्रे वाचावीत, ती धर्मप्रसारासाठी नव्हे आणि धर्मविरोधासाठीही नव्हे. ज्याचा भूतकाळ दुखरा आहे अशा माणसाकडे शोमरोनी स्त्रीप्रमाणे आधी पाणी मागावे, म्हणजे त्याच्याजवळही देण्यासारखे काही आहे हे मान्य करावे, एवढे जरी त्यातून शिकता आले तरी या वाचनाचे सार्थक झाले, असे म्हणता येईल.